माहिती देणारे : वडील

बालरोगतज्ज्ञाच्या केसपेपरवर मुलाचे नाव, वय आणि वजन यांच्या खाली एक छोटी ओळ असते. आपले रुग्ण स्वतःची हकिगत स्वतः सांगू शकत नाहीत. म्हणून ती कोणी सांगितली हे तेथे लिहायचे, आणि सांगणाऱ्याचे म्हणणे कितपत भरवशाचे वाटले तेही लिहायचे. निवासी डॉक्टर असताना ही ओळ मी एकदा कोरी ठेवली, तेव्हा आमच्या सरांनी भर वॉर्डात केसपेपर माझ्या हातात परत दिला होता. तेव्हापासून हात आपोआप लिहितो : माहिती देणारी - आई. बहुतेक वेळा आईच असते. क्वचित आजी. वडील असले तर ते सहसा सांगतात, "नक्की ठाऊक नाही, हिला फोन लावतो."

या एका ओळीने गेल्या दोन वर्षांत मला कुटुंब न्यायालयाच्या दारापर्यंत नेले. आत जावे लागले नाही, पण दाराशी उभे राहून बरेच काही शिकावे लागले. संपादकांनी स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक लेख मागितला होता. त्याऐवजी हे लिहीत आहे, कारण आपल्यापैकी प्रत्येकाच्या दवाखान्यातल्या कपाटात असा एखादा कागद असण्याचा संभव आहे. संबंधित दोघांची संमती घेतली आहे, आणि ओळख पटू नये एवढ्यापुरते काही तपशील बदलले आहेत.

२०१६ च्या पावसाळ्यात सहा वर्षांच्या एका मुलाला रात्री अकरा वाजता माझ्याकडे आणले. तीन दिवसांच्या उलट्या, खोल आणि जलद श्वास, डोळे खोल गेलेले, आणि रक्तशर्करा ग्लुकोमीटरच्या मापापलीकडे. टाइप १ मधुमेहाची पहिली ओळख अनेक घरांना अशीच, कीटोॲसिडोसिसच्या रूपाने होते. चार दिवस अतिदक्षता विभागात गेले. मूल वाचले. घरी पाठवण्याच्या दिवशी आईवडिलांना समोर बसवून मी नेहमीचे सारे सांगितले : दिवसातून चार वेळा इन्सुलिन, प्रत्येक जेवणाआधी बोटातून रक्त, मध्यरात्रीनंतर एकदा तपासणी, शाळेत मधल्या सुट्टीत कोणीतरी जाणे, आणि हे सारे उद्यापासून आयुष्यभर.

आई राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी होती. वडील एका खाजगी कंपनीत हिशेबनीस होते आणि त्यांचा पगार तिच्या पगाराच्या निम्माही नव्हता. घरात आजी-आजोबा नव्हते. दोघे बाहेर गेले, व्हरांड्यात उभे राहून पंधरा-वीस मिनिटे बोलले आणि परत आले. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मी राजीनामा देतोय. हिची नोकरी पक्की आहे, ती सोडणे वेडेपणाचे होईल." आई काही बोलली नाही, पण तिने मान हलवली. घरी कोण काय करणार ते लिहून ठेवण्याची माझी सवय आहे. डिस्चार्जच्या कागदावर मी एक ओळ लिहिली की मुलाच्या काळजीसाठी वडिलांनी नोकरी सोडावी असे दोघांनी चर्चा करून ठरवले आहे. ती ओळ लिहिली आणि विसरून गेले.

त्या गृहस्थांनी पुढची सहा-सात वर्षे जे केले ते मी जवळून पाहिले आहे. हिशेबनिसाचा हात, त्यांनी रोजमेळाची असते तशी लांब वही घेतली आणि तीत मुलाचा दिवस मांडायला सुरुवात केली. एका रकान्यात शर्करा, दुसऱ्यात इन्सुलिनचे युनिट, तिसऱ्यात पोळ्या किती, भात किती, पोह्यांची वाटी लहान की मोठी, आणि शेवटच्या रकान्यात शेरा : क्रिकेट खेळला, रडला, लग्नाला गेलो होतो. रात्री तीनची नोंद एकदाही चुकलेली मला आढळली नाही. २०२० च्या मार्चअखेरीस इंदूर कडेकोट बंद झाले, तेव्हा इन्सुलिनच्या दोन कुप्यांसाठी हा माणूस माझे पत्र हातात धरून नाक्यानाक्यावर पोलिसांना दाखवत सायकलवरून हिंडला. मुलाचे एचबीए१सी वर्षानुवर्षे सात ते साडेसातच्या दरम्यान राहिले. ज्यांना हा आकडा वाचता येतो, त्यांना त्यामागची मेहनत वेगळी सांगायला नको.

आणि या माणसाला मी, तिसऱ्या वर्षी, काय म्हणाले? "आता सारे छान चालले आहे. काहीतरी काम बघा. पुरुषमाणसाने असे घरी बसून कसे चालेल?" ते हसले आणि त्यांनी वही मिटली. मुलांच्या आजारपणासाठी नोकरी सोडलेल्या कितीतरी आया मी पाहिल्या आहेत. त्यांच्यापैकी एकीलाही मी असे विचारलेले नाही. त्यांना मी "फार चांगले केलेत" म्हणते.

२०२२ मध्ये आईला बढती मिळाली आणि भोपाळला बदली झाली. ती गेली, आणि काही महिन्यांत दोघे विभक्त झाले. कारणे त्यांची त्यांना ठाऊक. त्यांचा येथे संबंध नाही. २०२३ मध्ये तिने घटस्फोटाचा अर्ज दाखल केला. मुलगा आपखुशीने वडिलांकडे इंदुरात राहिला, आणि त्याची शाळेची फी, इन्सुलिन, पट्ट्या हा सारा खर्च ती नियमाने पाठवत राहिली. हे मुद्दाम सांगते, कारण या गोष्टीत दुष्ट माणूस कोणी नाही. प्रश्न मुलाचा नव्हताच. प्रश्न असा होता की मुलाच्या ताटात जी पोळी पडते तिच्या शेजारी बसून बापाने काय खायचे? नोकरी सोडली तेव्हा ते विक्रीकराचे हिशेब लिहीत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्यांची विद्या एका रात्रीत जुनी झाली. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना कोणी उभे करीना. दोन दुकानदारांच्या वह्या लिहून महिन्याला तीन हजार मिळत. भाडे त्यातच.

त्यांनी न्यायालयात अर्ज केला : दावा चालू असेपर्यंत पत्नीने मला दरमहा पंधरा हजार रुपये पोटगी द्यावी.

मी हे प्रथम ऐकले तेव्हा मला हसू आले. लपवण्यात अर्थ नाही. नवऱ्याला पोटगी? पण कायदा उघडून पाहिला, एका वकील आप्ताला त्रास देऊन समजूनही घेतला, आणि हसू ओसरले. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याचे कलम २४ पहिल्या दिवसापासून पती किंवा पत्नी असे दोघांचे नाव घेऊन सांगते की दोघांपैकी ज्याच्याजवळ स्वतःच्या निर्वाहासाठी आणि दाव्याच्या खर्चासाठी पुरेसे स्वतंत्र उत्पन्न नसेल, त्याला दुसऱ्याने दावा चालू असेपर्यंत दरमहा वाजवी रक्कम द्यावी असा आदेश न्यायालय देऊ शकते. दोघांचे उत्पन्न पाहायचे आणि ठरवायचे. कलम २५ हुकूमनाम्यानंतरच्या कायम पोटगीचे. तेही दोघांना खुले. २००१ मध्ये दुरुस्ती होऊन असा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असे सांगितले गेले. 'शक्यतो' हा शब्द किती ताणता येतो हे ज्याने न्यायालयाची पायरी चढली आहे त्यालाच कळते.

मात्र हा हक्क सर्व पतींना नाही, आणि येथे आपल्या कायद्यांचा गोंधळ दिसतो. पारशी विवाह कायद्यात १९८८ च्या दुरुस्तीनंतर दोघांनाही पोटगी मागता येते. पण १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे आपण ज्याला नोंदणी विवाह किंवा कोर्ट मॅरेज म्हणतो त्यात, पोटगी फक्त पत्नीला. ख्रिस्ती दांपत्यांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातही तसेच. फौजदारी प्रक्रिया संहितेचे सुप्रसिद्ध कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले, ते पत्नी, मुले आणि आईवडील यांच्यासाठी आहे. त्यात पती नाही. गंमत अशी की त्याच कलम १२५ खाली १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कल्याणच्या एका विवाहित लेकीला आपल्या वडिलांना पोटगी देण्याची जबाबदारी टाळता येणार नाही असे सांगितले. ती लेक डॉक्टर होती. म्हणजे निर्धन पुरुषाला बाप म्हणून डॉक्टर मुलीकडे हात पसरता येतो, पती म्हणून मात्र त्याने लग्न कोणत्या कायद्याखाली केले यावर सारे अवलंबून.

प्रत्यक्ष निकाल पाहिले तर न्यायालये दोन टोकांच्या मध्ये वाट काढताना दिसतात. २००१ मध्ये आपल्याच मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने, चालती रिक्षा स्वतःहून बंद करून बायकोकडे पोटगी मागणाऱ्या पतीला नकार दिला : जो आपण होऊन स्वतःला कमाईला असमर्थ करतो त्याला हा हक्क नाही. २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने, करोनात नोकरी गेली म्हणून पत्नीकडे महिना दोन लाख मागणाऱ्या धडधाकट पतीला असेच परत पाठवले. अशाला पोटगी देणे म्हणजे आळसाला उत्तेजन, असा त्याचा आशय. दुसऱ्या बाजूला २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पेइंग गेस्ट वसतिगृह चालवणाऱ्या पत्नीने पतीला दरमहा वीस हजार रुपये द्यावेत हा आदेश कायम ठेवला. नांदेडच्या एका शिक्षिकेचे प्रकरण तर आपल्या समाजाला फार जवळचे. लग्न १९९२ चे, घटस्फोट २०१५ चा. पतीचे म्हणणे असे की तिच्या शिक्षणाला मी हातभार लावला आणि आज माझ्याजवळ उत्पन्नाचे साधन नाही. खालच्या न्यायालयाने दरमहा तीन हजार अंतरिम पोटगी दिली, आणि ती थकली तेव्हा मुख्याध्यापकांनी तिच्या पगारातून दरमहा पाच हजार कापून न्यायालयात भरावेत असे सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये ते उचलून धरले. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याच उच्च न्यायालयाने, बँकेत नोकरी केलेल्या पत्नीने आजारी पतीला दरमहा दहा हजार द्यावेत हा कल्याणच्या न्यायालयाचा आदेश कायम केला. गृहकर्ज आणि लहान मूल माझ्यावर आहे, हे तिचे म्हणणे असूनही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या पत्नीने बारावी शिकलेल्या पतीला महिना पाच हजार द्यावेत असा आदेश दिला होता. ती बातमी आपल्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल, कारण आठवडाभर मोबाइलवर तिच्यावरचे विनोद फिरत होते. मीही दोन पुढे पाठवले.

विनोद होणारच. आपल्या भाषेतच ही गोष्ट बसत नाही. भर्ता म्हणजे भरणपोषण करणारा आणि भार्या म्हणजे जिचे भरणपोषण करायचे ती; दोन्ही शब्द एकाच धातूचे. भार्येने भर्त्याचे भरण करायचे म्हटले की शब्दच उलटे होतात. अशा पुरुषासाठी मराठीत शब्द आहेत ते सारे शिव्यांच्या जातीचे : ऐतखाऊ, बायकोच्या जिवावर जगणारा. म्हणून ज्याला खरोखर गरज आहे तो सहसा मागत नाही. आणि मागणाऱ्यांत निर्लज्जांचा भरणा अधिक, म्हणून मागणारा प्रत्येक जण निर्लज्ज वाटतो. इंग्लंडमध्ये १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याने स्त्रीला स्वतःची मालमत्ता दिली, आणि त्याच कायद्यात, पती धर्मादायावर येऊन पडला तर तिच्या मालमत्तेतून त्याचा खर्च वसूल करण्याची तरतूदही ठेवली. मिळकतीबरोबर भार येतो, हे तिथल्या लोकांनी तेव्हाच ताडले होते.

येथे घरची एक गोष्ट सांगते. २००९ मध्ये आमच्या यजमानांचा पीथमपूरचा छोटा कारखाना बंद पडला. पुढची अडीच वर्षे घर माझ्या दवाखान्यावर चालले. नातेवाइकांनी विचारले की मी म्हणायची, "नवीन कामाची जुळवाजुळव चालली आहे." स्कूटरच्या पेट्रोलला पैसे हवे आहेत, असे ते एकदाही म्हणाले नाहीत. मी कपाटाच्या वरच्या खणात दर सोमवारी काही नोटा ठेवत असे. शुक्रवारपर्यंत त्या कमी होत. या विषयावर आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. आमचे बरे होते, आम्ही एका छपराखाली होतो. पण त्या अडीच वर्षांत आमचे बिनसले असते तर त्यांनी काय केले असते, हा प्रश्न मला या प्रकरणापर्यंत कधी पडला नव्हता. हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवला. म्हणाले, "राहू दे. खण डावीकडचा होता, तेवढे लिही."

तर आता मुख्य प्रसंग. अर्जाची नोटीस मिळाल्यानंतर मुलाची आई भोपाळहून मुद्दाम मला भेटायला आली. दुपारची वेळ, दवाखाना रिकामा. म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही बाई आहात, तुम्हाला समजेल. माझ्या आईने जन्मभर बाबांकडे दहा दहा रुपयांचा हिशेब दिला. मी परीक्षा दिल्या, बदल्या सोसल्या, मुलगा आजारी असताना कॅश मोजत बसले. घराचा हप्ता माझा, मुलाचा खर्च माझा. आता नवऱ्यालाही मीच पोसायचे? तो धडधाकट आहे. हात-पाय आहेत." तिच्या आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता. मला तिचे पटले. आजही त्यातले बरेच पटते. पगार घेणाऱ्या बाईला घर सुटत नाही, हे मला कोणी सांगायला नको.

मग तिने तिच्या वकिलांचे पत्र पुढे केले. मी एक प्रमाणपत्र द्यावे असे त्यांचे म्हणणे होते : टाइप १ मधुमेह असलेले मूल योग्य उपचारांनी इतर मुलांसारखेच सामान्य जीवन जगू शकते, आणि दोन्ही पालक नोकरी करत असतानाही अशा मुलांचे संगोपन होते. वैद्यकीयदृष्ट्या यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी हेच वाक्य प्रत्येक नव्या पालकाला धीर देताना म्हणते. पत्रासोबत एक छायाप्रत होती. अक्षर माझेच. २०१९ मध्ये शाळा मुलाला क्रीडास्पर्धेत घेईना, म्हणून मी मुख्याध्यापिकेला लिहिले होते, 'हा मुलगा इतर मुलांप्रमाणे सर्व काही करू शकतो.' ते पत्र आता बापाविरुद्ध उभे राहणार होते : मूल इतके ठणठणीत असेल, तर याने घरी बसून केले काय?

मी म्हणाले, विचार करून सांगते.

चार दिवसांनी वडील आले. त्यांनी प्रमाणपत्र मागितले नाही. मुलाच्या केसपेपरच्या प्रती मागितल्या, लेखी अर्ज देऊन. आपल्याला माहीत आहे की २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या वतीने अधिकृत व्यक्तीने नोंदी मागितल्या तर त्या ७२ तासांत द्यायच्या. मी अठरा दिवस लावले. झेरॉक्सचे यंत्र बिघडले आहे, कंपाउंडर गावी गेला आहे, असली कारणे सांगितली. खरे कारण एवढेच की कोणाच्या बाजूने उभे राहायचे नव्हते, आणि काही न करणे म्हणजे बाजू न घेणे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. महिन्याला तीन हजार मिळवणाऱ्याला अठरा दिवस म्हणजे किती, याचा हिशेब तेव्हा केला नाही.

शेवटी एका रविवारी फाइल उघडली. जाड झालेली होती. पहिल्या पानापासून वाचत गेले. दर तीन महिन्यांनी एक तपासणी, मधली आजारपणे, एकदा रात्रीची हायपोग्लायसेमियाची धावपळ. प्रत्येक पानावर, वयाच्या आणि वजनाच्या खाली, माझ्याच अक्षरात : माहिती देणारे - वडील. भरवसा - चांगला. दहा-बारा पानांनंतर मी मोजणे सोडले. आणि सर्वांत तळाशी २०१६ चा डिस्चार्जचा कागद, ज्यावर ती विसरलेली ओळ होती : दोघांनी चर्चा करून ठरवले आहे.

न्यायालये ज्या एका गोष्टीवर निकाल इकडचा तिकडे करतात ती अशी की माणसाने कमाई स्वतःच्या आळसाने सोडली की कशासाठी तरी. रिक्षा बंद करणारा आणि हा, दोघेही धडधाकट. दोघांतला फरक सांगणारा कागद माझ्या कपाटात होता.

सोमवारी सकाळी सगळ्या प्रती काढल्या, प्रत्येक पानावर सही-शिक्का केला आणि दोन संच तयार केले. एक वडिलांना दिला, एक आईला भोपाळला पाठवला. आईने मागितलेले प्रमाणपत्रही दिले, नाकारले नाही. पण त्यातले वाक्य पुरे केले. असे मूल सामान्य जीवन जगू शकते ते कोणीतरी रोज, रात्रीच्या तीनसह, ठरावीक वेळी ठरावीक काम करते म्हणून. या मुलाच्या बाबतीत माझ्या नोंदींप्रमाणे ते काम वडिलांनी केले आहे. इतर घरांत ते आजी, पगारी परिचारिका किंवा आळीपाळीने दोघे पालकही करतात. पुढे काही लिहिले नाही. पोटगी द्यावी की न द्यावी, किती द्यावी, हे डॉक्टराने सांगायचे नसते. प्रमाणपत्रांच्या नोंदवहीत क्रमांक घातला आणि तीही नोंद दोन्ही पत्रांवर केली.

आईचा फोन आला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही लिहिलेले खोटे नाही." आणि ठेवला.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे दोघांनी आपापली मिळकत, कर्जे, खर्च यांची प्रतिज्ञापत्रे दाखल केली. तिच्या गृहकर्जाचा हप्ता आणि मुलावरचा खर्च तिच्या उत्पन्नातून वजा धरला गेला. त्याचे तीन हजारही मोजले गेले. अर्जाच्या तारखेपासून दरमहा सहा हजार आणि दाव्याच्या खर्चापोटी दहा हजार, असा अंतरिम आदेश झाला. पंधरा मागितले होते. ही सोय कायमची समजू नये आणि काम शोधत राहावे, असेही त्यांना बजावले गेले. ते त्यांना मान्यच होते. सध्या ते संध्याकाळी एका सनदी लेखापालाकडे जीएसटीचे काम शिकतात. शिकवणारा मुलगा त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान आहे आणि त्यांना 'काका' म्हणतो. ती दर महिन्याच्या पाच तारखेला रक्कम पाठवते, एकदाही चुकली नाही. मूळ दावा अजून चालू आहे.

मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे, मिसरूड फुटले आहे. गेल्या तपासणीला त्याला आई घेऊन आली होती, दिवाळीच्या सुट्टीत भोपाळला नेण्यापूर्वी. मी विचारले, रात्रीची शर्करा किती राहते, गेल्या महिन्यात किती वेळा खाली गेली, युनिट केव्हा वाढवले? तिने पिशवीतून लांब वही काढली, पाने उलटून एकेक उत्तर वाचून दाखवले. मी सवयीने लिहिले : माहिती देणारी - आई. तिने ते वाकून वाचले.

"वही त्यांची आहे," ती म्हणाली. "तेही लिहा."

लिहिले.